उजव्या गुडघ्याचं पाऊल

सिफू, पुढे जायचं असेल तर माणसाने आधी काय करायला हवं? गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलीने मला हे विचारलं. ती दहावीत आहे, दोन वेण्या घालते, घोड्याच्या पवित्र्यात उभी राहिली की तिच्या मांड्या थरथरतात, पण तोंडातून आवाज काढत नाही. म्हणाली, "ताई, माझी मैत्रीण कराटेला जाते, तिला तीन महिन्यांत पिवळा पट्टा मिळाला. आपल्या कुंगफूत काय केलं की पुढे जातात?" तुम्ही गुरू म्हणून घालून दिलेलं सगळं मला पाठ आहे. आधी नुसतं उभं राहायला शिकायचं. मग दोन फॉर्म, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे दोन संच, प्रत्येकाला निदान एक वर्ष. अंगण झाडायची पाळी चुकवायची नाही. आधी आलेल्याला दादा किंवा ताई म्हणायचं, मग तो वयाने कितीही लहान असो. मी तिला हे सांगत गेले आणि मध्येच थांबले. कारण या सगळ्या अटी मी पुऱ्या केल्या होत्या, आणि तरीही ज्या रविवारी तुम्ही मला पुढे नेलंत, त्या रविवारी मी पुढे जाण्याच्या लायकीची नव्हते. हे मला माहीत होतं. तुम्हाला जाऊन आता सहा वर्षं झाली, तुम्हाला ते कधीच कळलं नाही.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या कवळीच्या निमित्ताने. आईचे दात चाळिशीतच गेले होते आणि अंधेरीला स्टेशनच्या पूर्वेला एक चिनी माणूस चांगल्या कवळ्या करतो असं आमच्या असल्फ्याच्या चाळीत कोणीतरी सांगितलं होतं. तुमचं ते चिंचोळं दुकान मला अजून दिसतं. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, आणि तुम्ही बाकाशी उभे राहून कानशीने एक दात घासताय. आई तोंड उघडून बसली आहे आणि मी तुमच्या पायांकडे बघते आहे. अर्धा तास झाला तरी तुमचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर गेलेलं नाही. दोन्ही गुडघे किंचित वाकलेले, आणि वर हातात सुईच्या टोकाएवढं काम चाललेलं. न राहवून मी विचारलं, "आप थकते नहीं?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "खडा रहना भी सीखना पडता है." मी अकरावीत होते. उभं राहायलासुद्धा शिकावं लागतं हे तोवर मला कोणी सांगितलं नव्हतं. निघताना मी विचारलं, "कुठे शिकवतात?" तुम्ही आईकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "मरोळ. संडे को. झाडू लेके आना."

आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे तोवर कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे माझ्या कॉलेजचा सगळ्यांनाच धाक होता. वडील मरोळच्याच एका छापखान्यात मदतनीस होते. ते म्हणाले, "बी.ए. होईपर्यंत जा. शेवटची परीक्षा आली की बंद. मग नोकरी आहे, पुढचं सगळं आहे." ही मुदत मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही हसला असतात. तुमच्याकडे मुदत नव्हतीच. औद्योगिक वसाहतीतल्या त्या बंद गाळ्यामागचं अंगण, रविवारी सकाळी सगळी यंत्रं गप्प असायची तेव्हा आपण तिथे जमायचो, आणि तुम्ही एक अगरबत्ती लावून भिंतीच्या भेगेत खोचायचात. ती पाव जळेपर्यंत घोड्यात उभं राहता आलं की मग अर्धी, मग पाऊण, मग पुरी. घोडा म्हणजे मांड्या आडव्या, पाठ सरळ, जणू खाली अदृश्य जनावर आहे. पहिल्या दिवशी मी अगरबत्तीच्या पहिल्या राखेलाच खाली बसले.  तुम्ही नुसतं झाडूकडे बोट केलंत.

माझ्या मागे एका आठवड्याने काका आले. ते त्या गाळ्यांचे वॉचमन. मालवणकडचे, पन्नाशीचे, आधी गिरणीत साच्यावर कापड विणायचे, छातीचा त्रास सुरू झाला म्हणून गिरणी सोडून फाटकावर बसलेले. त्याआधी दोन वर्षं ते तुमच्या वर्गाला फाटक उघडून द्यायचे आणि स्टुलावर बसून बघायचे. एका रविवारी काठी भिंतीला टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, "बसान बसान माजे पाय लाकूड झाले. माका पण शिकवा." तुम्ही त्यांना माझ्या मागे उभं केलंत आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "ये तेरी दीदी." सगळा वर्ग हसला. काकांनी मात्र पांढऱ्या मिशीवरून हात फिरवला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "ताय, सांभाळून घे गो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फाटकाबाहेर मी त्यांना वाकून "काका" म्हणायची, फाटकाच्या आत ते मला "ताय" म्हणायचे. माझ्या पुढे होता दादा, जवळच्याच कारखान्यातला फिटर, तुमचा पहिला शिष्य. त्याला तिसरा फॉर्म येत होता. लांब काठीचा. तो काठी फिरवायला लागला की मला आजूबाजूचं काही ऐकू यायचं नाही. काठीचं टोक कुठे जाणार ते त्याच्या टाचेत आधी दिसायचं. तेवढं एक मला हवं होतं, सिफू. पदवीपेक्षा जास्त हवं होतं.

आणि तिसऱ्या फॉर्मआधी तुमची एक शेवटची अट होती. दोन्ही फॉर्म मला आले की संपलं, असं नव्हतं. "तेरा टेस्ट मैं नहीं लेगा," तुम्ही म्हणालात, "पीछेवाले का लेगा. वो पास, तो तू पास." म्हणजे माझ्या मागे जो उभा आहे त्याला मी शिकवायचं, तुम्ही त्याला बघायचं, आणि त्याच्या अंगात जे उतरलं असेल त्यावरून मला पुढे न्यायचं की नाही ते ठरवायचं. शाळा-कॉलेजात मी शिकले होते ते अगदी उलट होतं. तिथे माझा पेपर माझा. इथे माझा पेपर काका लिहिणार होते. त्या रात्री घरी जाऊन मी रडले, हे सांगायला आता लाज वाटत नाही. पण नंतरच्या दोन वर्षांत हळूहळू मला या अटीने भारावून टाकलं. आपल्याला काय येतं ते आपल्यात बघायचंच नाही, दुसऱ्यात बघायचं, असं कुणाच्या डोक्यात कधी, कोणत्या गावात आलं असेल? तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, "मेरे सिफू को पूछ," आणि कानशी चालू. तुमचे सिफू मी जन्मायच्या आधी गेलेले.

काका मठ्ठ नव्हते, मंद होते. उजवा हात पुढे म्हटलं की आधी उजव्या हाताकडे बघायचे, मग पुढे कुठे ते बघायचे, मग हात न्यायचे. "माका जमाचा नाय गो, ताय. तू दुसरो कोणतरी बघ," असं दर रविवारी एकदा तरी म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी माझ्या आधी हजर असायचे. पण एकदा अंगात बसलं की काकांच्यात ते जसंच्या तसं बसायचं, एक धागा इकडचा तिकडे नाही. त्यांची नजर साच्यावर तयार झालेली होती. शंभर हात कापडात एक तुटका धागा कुठे आहे ते त्यांना चालता चालता दिसायचं, असं ते सांगायचे. माझी करंगळी वाकडी राहते हे मला त्यांनी दाखवलं. शिकवणारी मी, आणि चूक काढणारे ते. मला राग यायचा. बी.ए.ची परीक्षा चार महिन्यांवर आली होती आणि काका अजून दुसऱ्या फॉर्मच्या मधल्या वळणावर अडकलेले.

त्या वळणाचंच लिहायचं आहे. दुसऱ्या फॉर्ममध्ये आपण दोनदा पूर्ण मागे वळतो, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. डावीकडचं वळण एका झटक्यात व्हायचं. उजवीकडे वळताना मात्र मध्ये एक छोटं पाऊल होतं, टाच किंचित ओढून घेतलेली, आणि मग पाय पडायचा. दादा तसंच करायचा. मी तसंच करायची, आणि खरं सांगते, मला ते फार सुंदर वाटायचं. नाचातल्यासारखं. एका रविवारी तुम्ही यायच्या आधी काका थांबले आणि म्हणाले, "ताय, माका एक सांग. डाव्या बाजूक ह्या पाऊल नाय. उजव्या बाजूकच कित्याक? सिफूंचो पाय दुखता काय?"

सिफू, मला तेव्हाच कळलं. काकांनी विचारलं त्या क्षणी तुमचं सगळं चालणं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. दुकानाची पायरी चढताना तुम्ही डावा पाय आधी टाकायचात. खाली बसताना उजवा पाय जरा बाजूला ठेवायचात. त्या सुंदर पावलाकडे मी दोन वर्षं बघत होते आणि ते लंगडणं होतं. मला त्याच वेळी तुमच्याकडे जायला हवं होतं. पण मी विचार केला तो एवढाच, की आता वळण बदलायचं म्हणजे काकांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं, आणि परीक्षा चार महिन्यांवर आहे. शिवाय गुरूला तुम्ही लंगडता असं कोण सांगेल? मी काकांवर चढले. म्हणाले, "काका, इथे विचारायचं नसतं, करायचं असतं. दादा करतो ना? मग?" वयाने माझ्या वडिलांपेक्षा मोठा माणूस. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "बरा, ताय." आणि ते पाऊल त्यांनी घोटून घोटून पक्कं केलं.

तुम्ही त्यांची परीक्षा घेतलीत तो रविवार मला तासातासाने आठवतो. भिंतीपाशी आठ-नऊ जण बसलेत. काका मधोमध उभे आहेत, धुतलेली बनियन आणि खाकी पँट. पहिला फॉर्म निर्वेध झाला. दुसरा सुरू झाला. डावं वळण झालं. मग उजवं वळण आलं, काकांनी ते पाऊल टाकलं, टाच ओढली, आणि तुम्ही हात वर केलात. माझ्यात आणि दादात ते पाऊल नाजूक दिसायचं, तरुण अंगात जिरून जायचं. काका तुमच्याच वयाचे. त्यांच्यात ते जसं होतं तसं दिसलं. पन्नाशीचा माणूस लंगडत वळतोय.

"ये किसने सिखाया?" तुम्ही विचारलंत.

"तायन," काका म्हणाले.

तुम्ही माझ्याकडे वळलात. मी म्हणाले, "दादाने शिकवलं." दादा उठून उभा राहिला आणि गोंधळून म्हणाला, "सिफू, तुम्हीच. हे तुमचंच आहे."

 मला वाटलं आता ओरडाल. मग तुम्ही अंगणाच्या मधोमध जाऊन खाली बसलात, पँटचा उजवा पाय गुडघ्याच्या वर दुमडलात आणि आम्हाला बोलावलंत. गुडघ्याची वाटी एका बाजूला सरकलेली होती, तिच्याखाली हाडाची एक पायरी. "हाथ लगाओ," तुम्ही म्हणालात. "सब लोग." आम्ही एकेक करून पुढे आलो. दादाने हात लावला आणि त्याचे डोळे भरले. माझी पाळी आली. तुमचा गुडघा गार होता आणि त्या पायरीवर माझं बोट अडकलं. तुम्ही सांगितलंत, चीनशी युद्ध झालं त्या वर्षी तुम्हा सगळ्या चिनी लोकांना आसामातून गाडीत घालून राजस्थानात नेऊन ठेवलं होतं, तिथे पाण्याचं पिंप उतरवताना पडलात. तेवढंच. त्या वर्षाबद्दल त्याआधी आणि त्यानंतरही तुमच्याकडून एक शब्द ऐकला नाही. "ये मेरा है," तुम्ही गुडघ्यावर थाप मारून म्हणालात, "फॉर्म का नहीं. ये तुम लोग को देने का नहीं था." माझ्या आयुष्यात मी इतका मोठा माणूस पाहिला नाही, सिफू. आपली चूक झाली असं म्हणणारे नंतर पुष्कळ भेटले. पण आपली चूक उघडी करून तिच्यावर शिष्यांचा हात ठेवून घेणारा एकही नाही.

आणि मग तुम्ही विचारलंत, "किसी ने देखा था?"

कोणी बोललं नाही. काका माझ्या बाजूलाच उभे होते. ते जमिनीकडे बघत होते. त्यांनी माझ्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही, कारण त्यांनी नुसतं पाहिलं असतं तरी तुम्हाला कळलं असतं. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. तुम्ही थांबलात. पुरेसं थांबलात. मग पँट खाली करत म्हणालात, "तो फिर गलती अकेले मेरी," आणि उठायला डाव्या हाताचा आधार घेतलात.

त्यानंतरचे पाच रविवार तुम्ही ते वळण शोधण्यात घालवलेत. ते आपल्यापैकी कोणालाच येत नव्हतं. तुमचा गुडघा करून दाखवू देत नव्हता, वीस वर्षांत तुम्हीसुद्धा ते केलेलं नव्हतं, फक्त तुमच्या सिफूंचे शब्द आठवत होते. तुम्ही मला मधोमध उभं केलंत, कारण माझे गुडघे सर्वांत धड होते, आणि शब्द सांगू लागलात. कमरेने वळ, पायाने नको. बिजागरी जिथे आहे तिथेच राहते, दार फिरतं. नाही, असं नाही. पुन्हा. मी वळायची, तुम्ही मान हलवायचात. पाचव्या रविवारी, दुपार होत आली होती, मी थकून काही विचार न करता वळले आणि पाय आपोआप जाऊन पडला. आवाजसुद्धा झाला नाही.  "फिर से," म्हणालात. मी पुन्हा वळले. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात आणि तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, माझ्या जागी दुसऱ्याच कुणाकडे बघत होतात. मग तुम्ही म्हणालात, "हां. ऐसाच करते थे वो." ज्यांना मी पाहिलं नाही, ज्यांच्या गावाचं नाव मला घेता येत नाही, त्यांचं वळण मरोळच्या गाळ्यामागे असल्फ्याच्या एका मुलीच्या कमरेत सापडलं होतं. 

सहाव्या रविवारी काकांनीही ते केलं, नेहमीसारखं जसंच्या तसं. तुम्ही मला म्हणालात, "चल. आगे." ज्याला पुढे नेलं त्याने आपल्या मागच्याला आपल्या हाताने चहा द्यायचा, ही तुमची रीत. मी कोपऱ्यावरच्या टपरीवरून चहा आणला आणि काकांपुढे दोन्ही हातांनी कप धरला. काकांनी घेतला. बशीत ओतून सावकाश प्यायले. मला त्यांच्या तोंडाकडे बघता आलं नाही.

मी तुम्हाला सांगायला आले होते, सिफू. एकदा खरंच आले होते. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, दुपारची, तुमच्या दुकानात. तुम्ही मागच्या खोलीत स्टोव्हवर भात टाकला होता, त्यात सुक्या मासळीचा वास, आणि बाहेरच्या बाकावर एक कवळी उलटी पडली होती. तुम्ही मला ताटली दिलीत आणि त्या कवळीकडे बोट करून वैतागून म्हणालात, ही बघ, परत आली. बाईंनी तीनदा बसवून पाहिली, तीनदा मी विचारलं टोचते का, तीनदा म्हणाल्या नाही नाही, एकदम छान. घरी जाऊन डब्यात ठेवून दिली. आता मुलगा परत घेऊन आला. "शरम से बोलती नहीं," तुम्ही म्हणालात. "मैं उनके मुँह में घुस के देखूं क्या? जो बोलता है चुभता है, वो मेरा अच्छा पेशंट." मी भाताचा घास घेतला होता.  इतकी उघडी वाट तुम्ही स्वतः करून दिलीत, आणि मी काय म्हणाले? "भात छान झालाय." तुम्ही आणखी वाढलात.

मग पेपर झाले. वडिलांनी मुदत वाढवली नाही, पण मीच थांबले नाही. निकाल लागला तेव्हा चाळीत पेढे वाटले गेले, वडिलांनी पदवीला काच लावून घेतली, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत तुम्ही मला तिसरा फॉर्म पूर्ण दिलात. जसं काही तुम्हालाच मुदत होती. ज्या आठवड्यात शेवटची हालचाल दिलीत त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुमच्या दुकानाला कुलूप दिसलं. शेजारचा घड्याळवाला म्हणाला, "बुढ्ढा गया. तीन दिन हो गए." छातीत दुखलं म्हणून झोपलात ते उठलाच नाहीत. तो फॉर्म आता फक्त दादाला आणि मला येतो. तुम्ही तो माझ्यावर विश्वास ठेवून दिलात, आणि सहा वर्षं काठी उचलली की आधी हातात तोच प्रश्न येतो. किसी ने देखा था?

आता दादा मस्कतला चालला आहे, कारखान्याच्या कामावर. वर्ग माझ्याकडे यायचा होता. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, रविवार मोकळा असतो, तिसरा फॉर्म येतो, सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. दोन रविवारांपूर्वी दादा अंगणात म्हणाला, "चल, पुढच्या रविवारपासून माझी जागा तुझी. ये पुढे." मी गेले नाही. जागेवरूनच सांगितलं. काकांनी विचारलेला प्रश्न, मी त्यांना गप्प केलं ते, तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प राहिले ते, चहा, भात, सगळं. अकरा जण ऐकत होते, त्यात ती दोन वेण्यांची मुलगीही. दादा आधी चिडला. "अगं, सिफू जाऊन जमाना झाला. आता हे काढून कुणाला काय मिळणार आहे?" मग थोडा वेळ डोकं खाजवून म्हणाला, "मलापण दिसलं असणार यार कधीतरी. मी आपला समजत होतो, स्टाइल आहे."

काकांना मी म्हणाले, "काका, आधी तुम्ही पाहिलंत. माझ्या पुढची जागा तुमची आहे. तेव्हाही होती."

काका भडकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर भडकले. "सहा वर्सां ह्या पोटात घेवन फिरलंस? वेडा की काय तू? माका तेवाच कळला होता, तुजी परीक्षा तोंडार इली होती म्हणान गप रवलंय. आणि आता माका पुढे उभो करतस? पुढे उभो रवान माका कोण दिसतलो? भिंत?" सगळे हसले. मी हसले नाही, हललेही नाही. काका बराच वेळ मिशी ओढत राहिले. त्यांचे गुडघे आता दुखतात, घोड्यात ते अर्ध्या अगरबत्तीच्या वर टिकत नाहीत. शेवटी काठी भिंतीला टेकवून ते पुढे गेले आणि जाता जाता पुटपुटले, "बरा, ताय." मी म्हणाले, "ताय नाही. आता तुम्ही दादा." "गप गो," काका म्हणाले.

वर्ग घ्यायचा आहे तो मीच घेणार आहे, शिकवणार मीच. तिसरा फॉर्मही काकांना मी देते आहे, पण त्यांच्या मागे उभी राहून, त्यामुळे त्यांना मान वळवून वळवून बघावं लागतं आणि ते मला शिव्या घालतात. मागून बघताना मला पहिल्यांदा दिसलं की काकांचा डावा खांदा उजव्यापेक्षा जरा खाली असतो. साच्यावरच्या वर्षांचा असेल. मी त्यांना लगेच सांगितलं.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. तुमच्या दुकानात आता झेरॉक्सचं मशीन आहे. पण एक कबूल करते. हे पत्र मी महिन्याभरापूर्वीच लिहायला घेतलं होतं, त्या मुलीने विचारलं त्याच रात्री, आणि पहिल्या ओळीनंतर कागद बाजूला ठेवला. मी मला ओळखते. सगळं नीट लिहून झालं असतं तर मला मोकळं वाटलं असतं, मी कागद घडी करून ठेवला असता आणि दादाच्या जागेवर जाऊन उभी राहिले असते. म्हणून आधी अंगणात सांगितलं, काकांच्या मागे उभी राहिले, आणि मग हे पुरं केलं.